एच के के जे आर म्हणजे भारत

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, शिकायला किती दिवस लागतात, हा प्रश्न मला फोनवर नेहमी येतो. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. मुलगा किंवा मुलगी शेजारीच बसलेली असते, मधूनच खाकरते, पण बोलतात वडीलच. मी सांगते की बाकी सगळ्याच्या मानाने स्क्रीन रीडर शिकणं सोपं. ते त्यांना पटत नाही. दृष्टिहीन माणसाने कॉम्प्युटर चालवायचा हेच त्यांना इतकं अचाट वाटतं, की पुढचं सगळं आपोआप सुरळीत होत असणार अशी त्यांची समजूत असते. माझं तरी तसं झालं नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आम्ही ग्वाल्हेरचे. शहराच्या लष्कर भागात, निंबाळकरांची गोठ नावाच्या वस्तीत आमचं घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि कॉलेजात ज्याला इंग्रजी येतं तो हुशार. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. यात डोळ्याच्या पडद्याच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. दोष जनुकांतला असतो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि समोरचं जे गोल उरतं तेही लहान होत जातं. शाळेत असताना संध्याकाळी लाइट गेली की मी जिन्यात जिथल्या तिथे उभी राहायची आणि भावंडांना वाटायचं, नाटक करतेय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकातली पुढची ओळ सापडेना, तेव्हा कॉलेज सुटलं. नंतरची काही वर्षं घरातच गेली. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं फार नाही. आई पेपर वाचून दाखवायची, मी मटार सोलायची, आणि आत्या दर भेटीत नवा वैद्य सुचवायच्या.

मग चुलतभावाने माझ्या फोनमध्ये टॉकबॅक सुरू करून दिला. अँड्रॉइडच्या फोनमध्ये ही सोय सेटिंगमध्ये पडूनच असते. फोन कधीचा घरात होता आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. काचेवर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते तो बोलतो, हवं ते सापडलं की दोनदा टकटक करायचं. थोड्याच दिवसांत मी स्वतः फोन लावायला, मेसेज वाचायला लागले. पण नोकरी मिळवायची तर एवढ्याने भागत नाही. सहा रकान्यांचा तक्ता काचेवर बोट फिरवून वाचून बघा, म्हणजे कळेल. हल्ली हातात फोन आला की मूल ‘डिजिटल’ झालं असं धरून चालतात. माझं मत विचाराल तर फोन गप्पांना, कीबोर्ड पोटाला.

कीबोर्ड शिकले तो वर्ग फूलबागेजवळ भरायचा. एका संस्थेने दोन खोल्या घेतल्या होत्या, कुठल्याशा ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर मांडले होते, फी नव्हती. आमचे सर स्वतः दृष्टिहीन. ते मॉनिटरच्या वायरीच काढून ठेवायचे. “बिजली बचती है,” म्हणायचे. पहिले काही दिवस कॉम्प्युटरवर काही करायचंच नव्हतं, फक्त कीबोर्ड चाचपायचा. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, तिथे दोन्ही हातांची पहिली बोटं ठेवायची. बाकी सगळी बटणं तिथून मोजायची. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि एक दाबलं की सराव सुरू होतो: कुठलंही बटण दाबा, ते काम करत नाही, फक्त आपलं नाव सांगतं. चुकलं तरी काही बिघडत नाही. मला वाटतं आमच्यातल्या निम्म्या लोकांची भीती तिथेच गेली. त्यांना आयुष्यभर ‘हात लावू नकोस, मोडशील’ एवढंच ऐकायची सवय होती.

एनव्हीडीए म्हणजे आमचा स्क्रीन रीडर. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन नावाच्या तरुणाने तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा मित्र त्याला येऊन मिळाला. दोघेही दृष्टिहीन. बाजारात असे प्रोग्रॅम आधीपासून होते, पण त्यांची किंमत कॉम्प्युटरच्याही वर जायची. हा फुकट आहे, कुणीही उतरवून घ्यावा. सोबत एक यांत्रिक आवाज येतो, त्यात हिंदी आहे, मराठीही आहे. आवाज गोड नाही. घरी पहिल्यांदा लावला तेव्हा अण्णा म्हणाले, “याला सर्दी झालीये का?” पण तो कितीही वेगाने बोलला तरी शब्द फुटत नाहीत, म्हणून मुरलेले लोक तोच वापरतात. माझा वेग आता इतका आहे की शेजारच्याला ती नुसती भुणभुण वाटते.

वर्गात तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. भिंडचा एक मुलगा, मळणीयंत्राच्या अपघातात डोळे गेलेला. मुरारचे एक काका, मधुमेहाने नजर गेली म्हणून दुकान मुलाच्या हाती सोपवून आलेले. आणि श्योपूरकडची एक सहारिया आदिवासी मुलगी. तिला इंग्रजी अक्षरंच येत नव्हती. सरांनी तिला एबीसीडीच्या वाटेला जाऊच दिलं नाही. थेट इन्स्क्रिप्ट शिकवलं. हा आपल्या लिप्यांसाठी सरकारने ठरवलेला कीबोर्ड. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. जे वर र, के वर क, एल वर त. वेबपेजवर एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला एनव्हीडीएमध्ये एच दाबतात, लिंकसाठी के, बटणासाठी बी. ती म्हणायची, “हेडिंग का प, लिंक का क, बटन का व.” एच, के, बी या बटणांवर इन्स्क्रिप्टची तीच अक्षरं येतात ना. इंग्रजी तिने नंतर शिकलं, पण वेबपेजवर ती आमच्याआधी फिरायला लागली होती. आधी इंग्रजी, मग कॉम्प्युटर असा हट्ट धरणारे मास्तर मी पुढे पुष्कळ पाहिले, त्या प्रत्येक वेळी मला हिची आठवण झाली.

तर इथपर्यंत, म्हणजे वर्ड, एक्सेल, ईमेल, वेबपेज वाचणं, हे खरंच फार जड गेलं नाही. सर गाडी रुळावर आणून द्यायचे, पुढे रोजचा सराव. खरी गंमत परीक्षांच्या अभ्यासाला सुरुवात केल्यावर झाली.

मी बी.ए. स्वाध्यायी, म्हणजे बाहेरून परीक्षा देणारी विद्यार्थिनी म्हणून, जिवाजी विद्यापीठातून पुरं करायचं ठरवलं आणि त्याच वेळी बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय होतं. २०१६ मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय फक्त छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे. त्यामागे कायद्याची बाजू आहे. कुणाचं पुस्तक असं परस्पर वाचनीय करून वाटायचं तर कॉपीराइट आडवा येतो. २०१२ मध्ये आपल्याकडे कायदा बदलून त्यातून आम्हाला सूट मिळाली, आणि याच कामासाठी झालेल्या मराकेश कराराला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. अशा चांगल्या बातम्या पेपरात आत कुठेतरी कोपऱ्यात येतात, आई पेपर वाचून दाखवायची तेव्हा तिला त्या दिसल्या नव्हत्या.

ग्रंथालयात नाही ते बाहेरून मिळवायचं. लक्ष्मीबाई कॉलनीत एका कोचिंगवाल्याने मला नोट्सच्या पीडीएफ मोठ्या मनाने दिल्या. घरी येऊन उघडल्या तर स्क्रीन रीडर काहीतरी पुटपुटायला लागला. हिंदी नाही, इंग्रजी नाही, कुठलीच भाषा नाही. एकेक अक्षर ऐकत गेले: एच, के, के, जे, आर. फाइल बिघडलीये असं समजून दुसरी उघडली, तिचंही तेच. आईला बोलावलं. आईने चष्मा लावला आणि सरळ वाचलं, “भारत की अर्थव्यवस्था.”

ही कृतिदेव फॉन्टची करामत. आमच्याकडे सरकारी कारकुनांच्या पिढ्या या फॉन्टवर टाइप करत आल्या. नाटकातल्या राजासारखं आहे त्याचं, वरून भरजरी आणि आत रोजचे कपडे. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवतो. डोळ्यांना भारत दिसतं, पण आत एच, के, के, जे, आर असतं. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के त्याला पुरा करतो, दुसरा के काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही, तो साठवलेलं वाचतो. युनिकोडमध्ये असा घोळ नसतो, तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, भ म्हणजे भच.

सरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, “अब असली पढ़ाई शुरू हुई.” मग त्यांनी कृतिदेवचा तक्ता तोंडी सांगितला आणि मी तो पाठ केला, लहानपणी पाढे केले तसा. पुढे कन्व्हर्टर वापरायला शिकले. मजकूर तिथे चिकटवला की युनिकोडमध्ये होऊन येतो. तरी तो दोन ठिकाणी हमखास अडखळतो. एक रफार, आणि दुसरी ऱ्हस्व वेलांटी. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, जशी कागदावर दिसते तशी. ‘हिन्दी’ तिथे एफ, जी, यू, एन, एच अशी असते आणि तो पहिला एफ ही वेलांटी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, जशी बोलतो तशी. म्हणून कन्व्हर्टरमधून कधी कधी वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, ती हाताने सोडवायची. डोळस माणसाला ही चूक वरवर पाहताना सुटून जाते. मला ऐकताना लगेच टोचते.

मध्य प्रदेशाच्या सीपीसीटी या कॉम्प्युटर आणि टायपिंगच्या सरकारी परीक्षेत हिंदी टायपिंग युनिकोडमध्येच घेतात, तरी बाहेरच्या टायपिंग क्लासांतून कृतिदेव हटत नाही. ज्याचा हात बसलाय तो कशाला सोडेल? त्याच्या दृष्टीने कागद छापून निघाला की काम झालं.

स्कॅन केलेल्या पीडीएफ ही आणखी निराळी जात. तिथे स्क्रीन रीडर म्हणतो ‘रिकामं’, कारण पान म्हणजे नुसता फोटो. इन्सर्ट आणि आर दाबून त्यातली अक्षरं ओळखून घेता येतात. इंग्रजी बरं जमतं, झेरॉक्सच्या झेरॉक्सवरचं हिंदी नाही जमत. सराव परीक्षांच्या वेबसाइटवर गेले तर तिथे ‘बटन, बटन, बटन’ एवढंच ऐकू यायचं. उत्तर कुठल्या बटणाखाली आणि ‘पेपर जमा करा’ कुठल्या, हे बनवणाऱ्याने लिहिलेलंच नसायचं. बटणाला नाव देणं ही त्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीची गोष्ट आहे. ती कुणी मुद्दाम गाळत नाही, कुणाच्या डोक्यातच येत नाही.

अर्ज भरायच्या आधी प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग अधिकार कायद्याप्रमाणे सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना. उच्च शिक्षणात ५ टक्के. मात्र अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा वैद्यकीय मंडळाचा दाखला हवा. तो मिळून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आलं. टक्केवारीप्रमाणे या कार्डांचे रंग ठरलेले आहेत, ८० टक्के आणि त्यावरच्यांना निळा. म्हणजे ज्यांना रंग अजिबात दिसत नाही त्यांना खास निळा. भिंडच्या मुलाने यावर बराच काळ विनोद चालवले.

आता अर्ज. नाव, पत्ता, मार्क हे सगळं मी भराभर टाइप केलं. मग आला कॅप्चा: वेडीवाकडी अक्षरं ओळखा आणि लिहा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होईल. ऐकवणारा कॅप्चा तिथे नव्हता. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून पुन्हा आई. “हा ओ की शून्य गं? आणि हे एस असावं... नाही, पाच आहे.” तिचं ठरेपर्यंत पानाची मुदत संपायची आणि सगळं पहिल्यापासून. आईला इंग्रजी अक्षरांची सवय नाही आणि त्यातून ती अशी नाचणारी. एका संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, “हे माणूस ओळखायचं यंत्र आहे की माणसाला पळवून लावायचं?”

फोटो २० ते ५० केबीमध्ये हवा, सही १० ते २० केबीमध्ये. हे लहान करण्याचं काम सायबर कॅफेवाला करून देतो, पण मला ते माझं मला करायचं होतं. पेंटमध्ये कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं की आकार बदलायची खिडकी उघडते. टक्केवारी टाकायची, सेव्ह करायचं, मग फाइलवर येऊन ऑल्ट आणि एंटर दाबून किती केबी झाली ते ऐकायचं. जास्त असेल तर पुन्हा. स्वतःचा न दिसणारा फोटो मी असा मापात बसवला. तो उलटा नाहीये ना, एवढंच आईला विचारलं.

सहीसाठी अण्णांनी एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला ब्लेडने खाच पाडून दिली, सही मावेल एवढी लांब, बोटाच्या पेराएवढी रुंद. पट्टी कागदावर ठेवायची, पेनाचं टोक खाचेत, म्हणजे सही वर-खाली भरकटत नाही. ती पट्टी अजून माझ्या पर्समध्ये आहे. अर्जासोबत हाताने लिहिलेलं एक प्रतिज्ञापत्रही मागतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना टाइप केलेल्या मजकुरावर डाव्या हाताचा अंगठा चालतो. सही करणाऱ्या, टायपिंग येणाऱ्या, बी.ए.ची परीक्षा देणाऱ्या मी अंगठा उठवला तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. शाई पुसायला रुमाल मात्र त्यांनी आधीच काढून ठेवला होता.

परीक्षा कॉम्प्युटरवरच असते, पण माझ्या वेळी तिथे आपला स्क्रीन रीडर नव्हता. सोबत लेखनिक न्यायचा. तो प्रश्न वाचणार, आपण उत्तर सांगणार, तो माउस दाबणार. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या १०० प्रश्नांना ६० ऐवजी ८० मिनिटं. लेखनिक तेव्हा आपला आपण शोधायचा होता, आणि तो त्याच परीक्षेला बसलेला नसावा. लक्ष्मीबाई कॉलनीत जिकडेतिकडे पोरं, पण सगळी तीच परीक्षा देणारी! शेवटी वहिनींच्या माहेरची एक मुलगी तयार झाली. तिचा वाचायचा वेग आणि माझा ऐकायचा वेग जुळायला वेळ लागला. मी तिला म्हणायची, “अगं, भावार्थ नको, धाड धाड वाच.”

‘आठ जण गोल टेबलाभोवती बसले आहेत, अमुक तमुकच्या डाव्या हाताला तिसरा’ अशा प्रश्नांची मला धास्ती होती. घरी सराव करताना एक्सेलच्या आठ चौकटी टेबल म्हणून वापरायची. परीक्षेत एक्सेल कुठून आणणार? मग अंगठे सोडून आठ बोटं घेतली. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवायचे, प्रत्येक बोटावर एक माणूस बसवायचा, आणि ज्याची जागा पक्की झाली ते बोट दुमडायचं. केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला वाटलं मी जप करतेय.

पहिल्या फटक्यात नाही झालं. पुढे झालं. एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले, शाखाही शहरातच मिळाली. दत्ताला पेढे, शेजाऱ्यांना बहादुरा मिठाईवाल्याचे लाडू, आत्यांचा फोन, सगळं यथासांग पार पडलं.

नोकरीचे पहिले दिवस मात्र रिकामे गेले. “आप आराम से बैठिए,” असं मला सगळे प्रेमाने सांगायचे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आमचं मुख्य सॉफ्टवेअर एनव्हीडीएला अर्धवटच कळायचं. रकान्यांना नावं नाहीत, काही पडद्यांवर कर्सर कुठे आहे तेच समजत नाही. मग मला द्यायचं काय, असा त्यांच्यापुढे प्रश्न. पगार मिळतोय, काम नाही. ऐकायला बरं वाटतं, पण टेबलापाशी बसून पंख्याचा आवाज ऐकत दिवस काढून बघावा.

काम मिळवून दिलं ते कृतिदेवने. पेन्शनरांची एक लांबलचक यादी सरकारी कार्यालयातून आली होती, हिंदीत, कृतिदेवमध्ये, आणि आमच्याकडच्या एक्सेलमध्ये ती उतरवली की नावांच्या जागी इंग्रजी भेंडोळी. शेजारच्या टेबलावरचे दोघे ती नावं बघून बघून पुन्हा टाइप करायला बसले होते. मी म्हटलं, फाइल मला पाठवा. कन्व्हर्टरमधून काढली, ऐकत ऐकत रफार आणि वेलांट्या सोडवल्या, आमच्या खात्यांच्या यादीशी व्हीलुकअप हे एक्सेलचं सूत्र लावून जुळवली. जेवणाच्या सुट्टीआधी ती मॅनेजरसाहेबांच्या मेलमध्ये होती. साहेब टेबलाशी आले आणि विचारलं, “यह किसने किया?” शेजारच्याने माझं नाव सांगितलं. साहेब जरा वेळ तिथेच उभे होते, त्यांच्या बुटांची करकर येत होती.

त्यानंतर पत्रव्यवहार माझ्याकडे आला, मग थकबाकीदारांना फोन, मग नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची मोहीम. कुणाचा दाखला आला, कुणाचा नाही, हे गाळून काढायचं आणि राहिलेल्यांना फोन करायचा. पेन्शनर मंडळी फोनवर खूष असतात. त्यांच्यातल्या निम्म्यांनाही मोबाइलवर काही दिसत नाही आणि त्यांना वाटतं फक्त आपलंच असं आहे. एका आजोबांना मी अक्षरं मोठी कशी करायची ते फोनवर शिकवलं. त्यांनी नातवाकडून मला निरोप पाठवला, की बाईंना दिसत नाही हे खोटं वाटतं.

शाखेबाहेर अडचणी आहेतच. पगार जमा व्हायला लागल्यावर थोडे पैसे गुंतवावेत म्हणून एका कंपनीच्या अ‍ॅपवर खातं उघडायला गेले. ओळख पटवायला ते म्हणालं, चेहरा चौकटीत आणा आणि डोळे मिचकावा. चौकट कुठे ते दिसत नाही, आणि मी डोळे मिचकावले तरी कॅमेऱ्याचं समाधान होईना. याच प्रकारावर सर्वोच्च न्यायालयात दोन याचिका होत्या, एक अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची, दुसरी एका दृष्टिहीन माणसाची. ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला: डिजिटल सोयी वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसी, म्हणजे ही ओळख पटवण्याची पद्धत, सगळ्यांना करता येईल अशी असावी म्हणून न्यायालयाने २० निर्देश दिले. मी निकालाची प्रत उतरवून घेऊन स्वतः वाचली. शाखेतल्या त्या अर्धवट बोलणाऱ्या पडद्यांबद्दल वर अर्ज पाठवला आहे, त्यात निकालाचा हवाला दिला आहे. उत्तर यायचंय. तोवर त्या दोन पडद्यांपुरती शेजारच्या टेबलाची मदत घेते, आणि त्यांची कृतिदेवची पत्रं मी सोडवून देते.

श्योपूरची मुलगी आता तिच्या तालुक्यात कॉम्प्युटर केंद्रावर अर्ज भरून देते. कॅप्चा ज्याचा अर्ज त्यालाच वाचायला लावते, हे तिने बरं केलं. मुरारच्या काकांनी दुकानाचा हिशोब परत स्वतःकडे घेतला, मुलाला ते फारसं आवडलेलं नाही. भिंडच्या मुलाचं मात्र अडकलं. आमच्या सगळ्यांत टायपिंगला तोच वेगवान होता, पण गावी त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, आणि वर्ग सुटल्यावर हात बसायला यंत्र लागतं ते कोण देणार? सध्या तो पेन ड्राइव्हवर एनव्हीडीए घेऊन बाजारातल्या सायबर कॅफेत जातो. ते कॉम्प्युटरवर टाकावं लागत नाही, पेन ड्राइव्हवरूनही चालतं, त्यामुळे दुकानदाराची हरकत नाही. फक्त तिथल्या कॉम्प्युटरची हेडफोनची पिन बिघडलीये, म्हणून त्याची मेल अख्ख्या दुकानाला ऐकू येते. परवा रात्री फोन आला, “दीदी, पेंट में वो डब्ल्यू वाला क्या था?” बँकेचा अर्ज भरत होता, फोटो ६२ केबीवर अडला होता.